बंबखान्यातील अर्ध्या सहीची बखर

श्री अग्निनारायण शांत असो. श्री जलदेवी जागी असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, मास कार्तिक, शुद्ध पक्ष. ते समयी बंबखान्याचे नाईक तुळशीराम यांच्या वर्तनाविषयी त्यांच्या मातुश्रींची, म्हणजे आमची, तक्रार, आणि तीमागून घडले ते वर्तमान, जैसे डोळां देखिले आणि कानी ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ चवीपुरते.

तक्रार ऐसी की, आमचे शेंडेफळ तुळशीराम हे चौघा भावंडांत शेवटी जन्मले आणि तेथेच राहिले. पंक्तीस शेवटी, न्हाणीत शेवटी, स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मागील रांगेत, तेही इतके मागे की फोटो पाहून व्याह्यांनी विचारिले, "यात नवरदेव कोणता?" पुढे बंबखान्यात चाकरीस लागले आणि बारा वर्षांत पथकाचे नाईक जाहले, तेव्हा तर या खोडीस गादीच मिळाली. कां की बंबखान्याची रीत पूर्वापार ऐसी की, जळत्या घरात नाईकाने आधी शिरावे, आपला एकेक गडी मोजून बाहेर काढावा, आणि मग आपण शेवटी निघावे. रीत उत्तम. आमचे यजमान, तुळशीरामाचे वडील, यांनी एकतीस वर्षे हीच रीत पाळिली आणि आम्ही तिचा अभिमान धरितो. परंतु रीत आगीची, ती या दिवट्याने अवघ्या संसारास लाविली. रेशनाच्या रांगेत मागच्यास पुढे करावे, आणि मग साखर संपली म्हणून रिकामी पिशवी हलवीत यावे, आणि दिवाळीच्या कापडातून उरेल तो तुकडा घ्यावा, आणि लोकांनी "नाईक थोर मनुष्य" म्हणावे. लोकांचे काय जाते? थोर म्हणावयास कापड लागत नाही.

आता राज्याची व्यवस्था सांगितल्यावाचून पुढील मजकूर उमगणार नाही, म्हणून सांगतो. या राज्यात जैसा तोफखाना, जैसा पीलखाना, तैसा एक बंबखाना होता. त्यात तांबडे बंब तीन आणि त्यांवर चढणारे मनुष्य बावीस. काम इतकेच की, लोक ज्या दारातून किंचाळत बाहेर येतात त्याच दारातून यांनी आत जावे. ऐसे काम वयाच्या अठ्ठावन्नापर्यंत केले की छातीत धूर राहतो, गुडघे शिडीवर राहतात, कान घंटेपाशी राहतात, आणि मग जे काही उरले ते सरकार हार घालून घरी पाठविते. त्या उरलेल्याने खावे काय, याचा बंदोबस्त पूर्वीच्या शहाण्या लोकांनी करून ठेविला, त्यास पेन्शन म्हणतात. ती दोन तऱ्हांची. जुनी ऐसी की, ज्याने पुरी चाकरी केली त्यास अखेरच्या पगाराचा निम्मा जीव असेतो दरमहा मिळावा, आणि महागाई चढली की तोही चढावा, आणि हवा असेल तर त्यातील काही भाग आगाऊ एकदम उचलून पोरीचे लग्न करावे, मग काही वर्षे कमी घ्यावे, आणि तो वारला तर त्याच्या बायकोस, तिचा जीव असेतो, थोडी लहान का होईना पण मिळावी, आणि आगीतच कामी आला तर त्याच्या कच्च्याबच्च्यांस अधिक मिळावे, ज्यास थोरल्या कारकीर्दीत बालपरवेशी म्हणत. आणि नवी ऐसी की, दरमहा पगारातील दहावा हिस्सा कापून घ्यावा, सरकाराने आपल्या पदरचे त्यात घालावे, ते सर्व बाजारात फिरावयास सोडावे, आणि चाकरी सरल्यावर बाजार जे परत आणून देईल त्यातील काही हाती घ्यावे आणि बाकीचे देऊन वर्षासन विकत घ्यावे. दरबारचे लोक म्हणतात, यात वाढ फार. होत असेल. आम्ही बाजार भाजीचा पाहिला आहे. सकाळी जी कोथिंबीर भाव खाते ती संध्याकाळी गायी खातात.

यजमान हयात असता आम्ही त्यांस पुसले, "दोहोंत खरा फरक काय?" ते म्हणाले, "बंबाची टाकी आणि रस्त्याकडेचा हायड्रंट, म्हणजे पाण्याचा खांब, यांत आहे तो. टाकी केवढीही असो, नळी धरणारा मनात पाणी मोजीत असतो. नळी खांबाला जोडली की मोजणं थांबतं, मग हात नीट चालतो." हे एक वाक्य आम्हांस पुरले. शाळा आम्ही चार यत्ता केली, परंतु खांब आणि टाकी कळावयास चारही लागत नाहीत. यजमान गेले त्यास सात वर्षे जाहली, आणि आज आम्ही जी भाकर खातो ती त्या खांबाची. सुनेच्या हाताकडे पाहावे लागत नाही, म्हणून सूनही आमच्याशी गोड बोलते.

आता तुळशीराम आणि त्यांचे एकवीस गडी सर्व एकाच भरतीचे. भरतीचा डांगोरा पिटला तेव्हा जुनी पेन्शन चालू होती, परंतु दरबारने छाती मापण्यात, कागद तपासण्यात आणि तपासलेले कागद हुडकण्यात दीड वर्ष घालविले, तों नवी लागू जाहली आणि अवघे बावीस टाकीत पडले. त्यांनी दहा वर्षे अर्ज केले. शेवटी श्रावणात दरबारास दया आली आणि फर्मान निघाले की, ज्यांचा डांगोरा आधीचा त्यांस एक वेळ, एकच वेळ, जुनी की नवी हे निवडता येईल. निवडीच्या कागदावर पेन्शनदफ्तराच्या शिरस्तेदारासमोर सही करावी, मुदत आश्विन शुद्ध चतुर्दशीचा सूर्यास्त, त्यानंतर दार बंद. फर्मान श्रावणात निघाले, दरबारापासून बंबखाना तीन गल्ल्या, आणि ते पोचले आश्विन शुद्ध चतुर्दशीस, दुपारी, जेवणे होऊन गेल्यावर. बंबास ही वाट चार मिनिटांची.

फर्मान घेऊन शिरस्तेदार लिंबाजीराव, दफ्तराचे वडीलधारे कारकून, जातीने आले. स्वभाव नावास शोभेल ऐसा. अंगणात टेबल मांडविले, खुर्चीस टेकू देवविला, चहा मागविला, तो फिका म्हणून परत धाडून पुन्हा मागविला, आणि म्हणाले, "चला, नाईक कोण? आधी नाईकांनी करावी." तेव्हा आमचे रत्न हात जोडून बोलते जाहले, "आधी गड्यांचं होऊ द्या साहेब. मी काय, मी आहेच." मग एकेक गडी आला. एकाने कागद दोन वेळां वाचला, आणि एकाने विचारिले, "मरेपर्यंत लिहिलंय ते माझ्या की बायकोच्या?" आणि एकास आपले नाव ऱ्हस्व की दीर्घ हे घरी विचारून यावेसे वाटले. ऐसे करिता करिता एकवीस पुरे जाहले, तों सूर्य कासराभर राहिला. मग नाईक खुर्चीवर बसले, बाह्या सारिल्या, लेखणी घेतली, आणि जाड्या सुबक अक्षरांत लिहिले, "तुळशी". आणि घंटा वाजली.

येथे घंटेचे फर्मान सांगणे अवश्य. बंबखान्याच्या भिंतीवर ते पत्र्यावर रंगवून लाविले आहे: घंटा होताच हातातील जिन्नस जेथल्या तेथे सोडावा, तोंडातील घास गिळावा, हातातील ताटात टाकावा, हातचे काम पुरे करून निघेल त्याची त्या दिवसाची हजेरी कापली जाईल. यामुळे बंबखान्यातील लोक निम्मी दाढी केलेले, एका पायात मोजा घातलेले, डाव उतारीवर आला असता पत्ते फेकून पळालेले, ऐसे सर्व पेठेने पाहिले आहेत आणि कोणी हसत नाही. तैसेच ते दिवशी जाहले. "तुळशी" इतके कागदावर राहिले, लेखणी भुईवर, आणि बावीसही गडी बंबावर. त्या धांदलीत टेबलास धक्का लागला आणि दुसऱ्या वेळेचा, मनासारखा जमलेला चहा लिंबाजीरावांच्या मांडीवर सांडला. ते ओरडले, "अहो, नाव तरी पुरं करा!" उत्तर भोंग्याने दिले. सरकीच्या वखारीस आग होती. सरकी ही चिवट, वरून विझते आणि पोटात जळते. तीन हमाल आणि एक शेळी जिवंत काढून पथक दुसरे दिवशी सकाळी परतले. इकडे लिंबाजीराव घड्याळ हाती धरून सूर्य बुडेतो बसले, आणि बुडताक्षणीच "तुळशी" याच्या खाली लिहिले, "सही अपुरी, सबब नामंजूर", आणि एकवीस कागद बगलेत मारून ओल्या पाटलोणीने गेले.

तुळशीराम घरी आले, काजळीने काळे. न्हाले, शेवटी, आणि खोकत खोकत आम्हांस वर्तमान सांगितले, आणि वर हसून म्हणाले, "राहू दे आई. एकवीस झाले ना? एक राहिला. बावीसात एक म्हणजे काहीच नाही." आम्ही भाकरी थापीत होतो, ती परातीत टाकिली. म्हटले, "तुळशा, वखारीत बावीस शिरले आणि एकवीस बाहेर आले, तर तू काय करतोस?" ते पंच्याने कान पुसू लागले. आम्ही म्हटले, "बोल की. राहू दे म्हणतोस? घरी येऊन पिठलं खातोस?" ते पायाच्या अंगठ्याकडे पाहून म्हणाले, "परत आत जातो." म्हटले, "कुणासाठी?" म्हणाले, "जो राहिला असेल त्याच्यासाठी." म्हटले, "मग तो राहिलेला मेला तूच आहेस, एवढ्यावरून त्याला जळू देतोस होय? तुझ्या बायकोला दोन पोरी, तुला हा खोकला, आणि तू निघालास टाकी घेऊन." सून दाराआडून म्हणाली, "सांगा आत्याबाई, माझं नाही ऐकत." आणि तुळशीराम दोन वेळां दफ्तराच्या खिडकीशी अर्ज घेऊन गेले, आणि दोन्ही वेळां "मुदत संपली" इतके दोन शब्द घेऊन आले, आणि दुसऱ्या वेळेस तर खिडकीत हात घालण्यापूर्वी मागच्या तिघांस पुढे सोडून आले. तेव्हा आम्ही जाणिले की, या आगीत आता आम्हांसच शिरले पाहिजे.

शिरावयास दार हवे. ते असे लाधले की, आम्हां पेन्शनवाल्यांनी वर्षातून एक वेळ, कार्तिकाच्या सुमारास, दफ्तरात समक्ष जाऊन आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागते, त्यास हयातीचा दाखला म्हणतात. अर्ज परत लाविता येतो, परंतु जिवंत बाईस टेबलासमोर बसू देत नाही, ऐसे कोणास म्हणता येत नाही. आम्ही नऊवारी नेसलो, यजमानांचे पेन्शनपत्र पिशवीत घातले आणि तुळशीरामास म्हटले, "चल. दोन गडी घे, आणि इस्माईलभाईंना रोजनामा घेऊन यायला सांग." इस्माईलभाई म्हणजे घंटेवर बसणारे जुने गृहस्थ. कोणती घंटा किती वाजून किती मिनिटांनी जाहली हे ते ज्या वहीत लिहितात तो रोजनामा. ते ती वही रुमालात बांधून आले, जशी कोणी पोथी आणतो.

दफ्तरात रांग लांब. चुन्याच्या भिंतीस टेकून जुने बंबवाले बसलेले, कोणाच्या गुडघ्यास पट्टा, कोणाच्या हाती काठी, आणि विधवा बाया पिशव्या पोटाशी धरून. आमची पाळी आली तेव्हा लिंबाजीराव वर न पाहता म्हणाले, "जिवंत आहात?" म्हटले, "तुमच्या कृपेनं नव्हे, पण आहे." म्हणाले, "अंगठा द्या." दिला. म्हणाले, "झालं. उठा." आम्ही म्हटले, "उठत नाही." म्हणाले, "का?" म्हटले, "नीट खात्री करा. नुसत्या अंगठ्यानं काय होतं? जिवंत माणूस बोलतो, भांडतो, विचारतो. मी विचारते. माझ्या लेकाची सही का नामंजूर?" मागून एक काठीवाले बाबा म्हणाले, "विचारा वहिनी, आम्हांला घाई नाही, आम्ही पण जिवंतच आहोत." आणि रांग हसली. लिंबाजीराव तांबडे जाहले आणि बोलले, "अहो बाई, सही कुणाची? कागदावर 'तुळशी' लिहिलंय. ही तुळशी कोण, तुमची सून? आणि मी ओरडून सांगितलं, नाव पुरं करा म्हणून. दोन अक्षरं राहिली होती, दोन! पापणी लवते तेवढा वेळ. तरी पळाला. याचा अर्थ काय? त्याच्या मनात नव्हतं. अर्धं नाव म्हणजे अर्धं मन. पुढं म्हणायचा, माझी नवीच बरी होती, मला फसवलं."

हा गलबला ऐकून आतल्या दालनाचा पडदा सरला आणि पेन्शनदफ्तराच्या दिवाणबाई बाहेर आल्या. वय आमच्या थोरल्या लेकीएवढे, डोळ्यांस चष्मा, आवाज हळू. म्हणाल्या, "आजी, आत या. लिंबाजीराव, तुम्हीही. आणि तो अर्ध्या सहीचा कागद आणा." तेव्हा अवघी मंडळी आत गेली, आणि लिंबाजीरावांनी कागदासवे आपला चहाही आणून टेबलावर ठेविला. तुळशीराम दाराशीच, सर्वांमागे, खांबासारखे उभे. रांगेतील लोक दारात दाटले. त्यांस कोणी हटकिले नाही.

दिवाणबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, नियमात पुरी सही लागते. मी काय करू?" आम्ही पिशवीतून यजमानांचे पेन्शनपत्र काढून त्यांच्यापुढे ठेविले आणि म्हटले, "बाईसाहेब, यात चाकरी किती लिहिली आहे?" त्यांनी वाचिले, "एकतीस वर्षं, चार महिने, सात दिवस." म्हटले, "आठ होते. एक कुठं गेला, ते लिंबाजीरावांना विचारा, त्यांनीच कापला आहे." मग आम्ही सांगितले की, धाकट्या दिराच्या लग्नाचे साली आम्ही स्वतः डब्यातून पुरणपोळ्या घेऊन बंबखान्यात गेलो होतो, आणि यजमान जेवीत असता घंटा जाहली, आणि हातात अर्धी पोळी होती. पोळी तुपाची, मोह जाहला, ती त्यांनी तोंडात कोंबिली आणि चावीत चावीत बंबावर चढले. तेव्हाच्या अंमलदाराने गाल फुगलेला पाहिला आणि त्या दिवसाची हजेरी कापिली. पुढे पेन्शनीचे दिवस मोजताना याच लिंबाजीरावांनी, तेव्हा ते धाकटे कारकून होते, चाकरीच्या पुस्तकातून तो दिवस हुडकून वजा केला आणि आमच्या तोंडावर सांगितले, "घंटा म्हणजे घंटा, वहिनी. नियम आहे." दिवाणबाईंनी चाकरीचे पुस्तक मागविले. पान सापडले, त्यावर लिहिले होते: गैरहजर एक दिवस, कारण घंटेनंतर घास पुरा केला.

मग आम्ही म्हटले, "बाईसाहेब, मी अडाणी बाई. मला एवढंच समजावून सांगा. बापानं पोळी पुरी केली म्हणून तुमच्या दफ्तरानं त्याचा दिवस कापला. पोरानं नाव पुरं केलं नाही म्हणून त्याचा जन्म कापता. तर घंटा झाल्यावर बंबवाल्यानं हातातलं पुरं करायचं की टाकायचं? एक काहीतरी ठरवा. भिंतीवरचा पत्रा पुसायचा असेल तर सांगा, मी घरून नारळाची शेंडी आणते." इस्माईलभाईंनी रुमाल सोडून रोजनामा उघडिला आणि वाचिले, "आश्विन शुद्ध चतुर्दशी, घंटा पाच वाजून एकतीस मिनिटं. पथक सुटलं पाच वाजून बत्तीस." दिवाणबाईंनी पंचांग पाहिले, सूर्यास्त सहा वाजून अकरा मिनिटे. परंतु लिंबाजीराव हटेनात. म्हणाले, "वेळेचं मी बोलतच नाही. मी मनाचं बोलतो. जन्माची भाकर समोर, हातात लेखणी, दोन अक्षरं राहिलेली, आणि माणूस लेखणी टाकतो? ही गोष्ट कुणाला सांगता? कुणीही झालं तरी 'राम' लिहून मगच उठेल."

हे बोलणे खरे म्हटले तर शहाणपणाचे होते, आणि दिवाणबाईंच्या चेहऱ्यावरही ते उमटले. त्या म्हणाल्या, "नाईक, इथं या. अक्षर तरी तुमचं आहे का ते पडताळू. या कोऱ्या कागदावर तुमचं नाव लिहा." तुळशीराम आले, बसले, बाह्या सारिल्या आणि लेखणी घेतली. आमची दृष्टी मात्र कागदावर नव्हती. दिवाणबाईंच्या टेबलावर शिपायास हाक मारावयाची पितळी घंटी होती, वरून थाप मारली की वाजते ती. आम्ही तिजकडे सरकलो. चार यत्तांच्या बळावर अक्षरे मोजीत राहिलो. 'तु' जाहला, 'ळ' जाहला, 'शी' ची वेलांटी फिरली, आणि आम्ही घंटीवर थाप मारिली.

लेखणी भुईवर पडली. कोणी टाकिली म्हणावे तर डोळ्यांनी दिसली नाही. खुर्ची मोकळी. तुळशीराम आणि ते दोघे गडी दारातून, जिन्यावरून, घंटीचा नाद विरण्यापूर्वी अंगणात पोचले. तेथून नाईकांचा आवाज आला, "कुठं आहे? काय पेटलं?" टेबलास धक्का लागून लिंबाजीरावांच्या चहाने पुन्हा आपली जुनी जागा गाठली. आणि आम्ही दाराकडे पाहिले, तों रांगेतील काठीवाले बाबा, वय त्र्याहत्तर, गुडघ्यास पट्टा, काठी भिंतीशी टाकून जिन्याकडे तीन पावले गेलेले, आणि तेथेच भानावर येऊन कठडा धरून उभे, लाजलेले. म्हणाले, "पंधरा वर्षं झाली मला घरी बसून. पाय ऐकत नाहीत." तेव्हा दालनात कोणी हसले नाही.

दिवाणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेविले. या कागदावर "तुळशी", त्या कागदावर "तुळशी", तीच वेलांटी, तेथेच तुटलेली. चष्मा काढून पुसला. मग बोलत्या जाहल्या, "लिंबाजीराव, लिहून घ्या. राज्याचं एक फर्मान पाळलं म्हणून राज्याच्याच दुसऱ्या फर्मानानं शिक्षा देता येत नाही. सही मुदतीत सुरू झाली, घंटेनं थांबली, थांबल्याची वेळ सरकारी वहीत आहे. निवड मंजूर. राहिलेली अक्षरं नाईकांनी माझ्यासमोर आत्ता पुरी करावी." लिंबाजीरावांनी पाटलोण झटकिली आणि लिहून घेतले, आणि न्यायाने सांगावे तर अक्षर सुंदर काढिले. लिहिता लिहिता आम्हांस हळूच म्हणाले, "वहिनी, तेव्हा दिवस मोजताना माझ्याही वाट्याला पोळी आली असती तर तो कापला नसता." म्हटले, "ठाऊक होतं. म्हणून तर आणली नव्हती."

येणेप्रमाणे अर्ध्या सहीचे वर्तमान. विलंबी संवत्सरी बावीस मनुष्य टाकीतून निघून खांबास लागले, आणि पुढे त्यांच्यामागे बावीस बायकांसही तोच खांब राहिला. काठीवाल्या बाबांस शिपायाने खुर्ची दिली. दिवाणबाईंनी ती पितळी घंटी टेबलावरून काढून कपाटात ठेविली, आणि शिपायास तोंडाने हाक मारू लागल्या. यजमानांचा पोळीचा दिवस परत मिळाला नाही. आम्ही तो मागितलाही नाही, कां की पोळी खरेच चांगली जाहली होती. राहिली गोष्ट शेवटच्या दोन अक्षरांची. तुळशीरामास अंगणातून वर बोलाविले, ते ओशाळे होऊन आले, खुर्चीवर बसले, लेखणी हाती घेतली, आणि तों दारातील एका म्हाताऱ्या विधवेकडे त्यांचे लक्ष गेले, आणि लेखणी खाली ठेवून म्हणते जाहले, "बाईसाहेब, आधी या काकूंचं होऊ द्या. सकाळपासून उभ्या आहेत. मी काय, मी आहेच." तेव्हा सर्व दरबारादेखत आम्ही पुत्रास जो निवाडा सांगितला तो असा:

"तुळशा, चाळीस वर्षं तुमच्या घरात मी शेवटी जेवले. सगळ्यांना वाढून, परात पुसून, मग बसले. पण वाढायला घ्यायच्या आधी माझी भाकरी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवलेली असायची, हे तुला कधी दिसलं नाही, तुझ्या बापाला दिसायचं. शेवटी जेवणं वेगळं आणि उपाशी निजणं वेगळं, मेल्या. आगीतून शेवटी नीघ, मी नाही म्हणत नाही. काकूंना मी खुर्ची देते. तू खाली बघ आणि राम लिही."